घरघर: कॉम्प्युटरच्या आवाजाचा थोडासा इतिहास

नात्यागोत्यात एकदा "कॉम्प्युटरवाला" म्हणून नाव पडलं की काही प्रश्न कायमचे चिकटतात. सध्याचा लाडका प्रश्न असा : "डेस्कटॉप असेंबल करतोय, अजिबात आवाज नकोय. कुठला फॅन घेऊ?"

प्रश्न रास्त आहे. २०२० नंतर घरून काम करायची सवय लागली आणि डेस्कटॉप पुन्हा घरात आला. पुण्यातल्या वन बीएचकेत तो कुठे ठेवणार? हॉलमध्ये, नाहीतर पलंगाशेजारी. एकाची रात्रीची शिफ्ट चालू असते आणि तीन फुटांवर दुसरं माणूस झोपायच्या प्रयत्नात असतं. अशा वेळी ती घरघर म्हणजे रोजच्या भांडणाचं कारण.

माझं उत्तर मात्र लोकांना आवडत नाही. मी म्हणतो, फॅन सगळ्यात शेवटी बघ. का, ते सांगायला थोडा इतिहास लागतो. शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

मूळ गोष्ट एवढीच, की कॉम्प्युटरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर येते. गणितं होतात, चित्रं दिसतात, पण वॅटचा हिशोब शेवटी खोलीच्या हवेत जमा होतो. आपल्याला जो ऐकू येतो तो ही उष्णता बाहेर ढकलण्याचा आवाज.

हे दुखणं जुनंच आहे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चने बांधलेला टिफरॅक १९६० मध्ये कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. प्रत्येक ट्यूबमध्ये तापवायची एक तार असते, म्हणजे यंत्र काही करो न करो, २,७०० छोट्या शेगड्या पेटलेल्याच. तिथे आवाजाची तक्रार कोण करणार? यंत्राला स्वतंत्र खोली होती, तिच्याशेजारी कोणी झोपत नव्हतं.

यंत्र घरातल्या टेबलावर आलं तेव्हा खरा प्रश्न सुरू झाला. १९७७ च्या अ‍ॅपल टूमध्ये फॅन नको असा स्टीव्ह जॉब्जचा आग्रह होता. जुन्या पद्धतीचा वीजपुरवठा म्हणजे जड ट्रान्सफॉर्मर आणि भरपूर फुकटची उष्णता. तेव्हा रॉड होल्ट या इंजिनियरने स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा बनवला, आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो तो. वीज सतत जाळून कमी करण्याऐवजी ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच पुढे सोडायची. उष्णता कमी, म्हणून फॅनची गरजच नाही. इथे कोणी शांत फॅन शोधला नव्हता, वाया जाणारे वॅट कमी केले होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८१ चा आयबीएम पीसी ६३.५ वॅटच्या पुरवठ्यावर चालायचा आणि त्याचा फॅन त्या पुरवठ्याच्या डब्यातच होता. ४८६ च्या सुरुवातीच्या चिपांवरही फॅन नसायचा. १९९३ मध्ये पेन्टियम आला आणि प्रोसेसरच्या डोक्यावर फॅन बसायला लागला. नंतर दहा वर्षं सगळी शर्यत मेगाहर्ट्झची. जाहिरातीत मोठा आकडा तोच असायचा, आणि तो वाढला की कॉम्प्युटर भारी.

ह्या शर्यतीला एक गणित आडवं आलं. चिपची वीज ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते. ट्रान्झिस्टर लहान होत होते तोवर व्होल्टेजही खाली येत होतं, त्यामुळे वेग वाढवूनही निभावत होतं. २००० नंतर व्होल्टेज फारसं उतरेना. फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलचा प्रेस्कॉट, म्हणजे नवा पेन्टियम फोर आला तो १०० वॅटच्या पुढेच गेला. त्यातला एक आमच्याही घरी होता. मी शाळेत, गेम चालू केला की कॅबिनेटमधून शिट्टीसारखा आवाज चढायचा आणि आतून बाबांची हाक यायची, "अरे, ते विमान उतरव आता!"

मे २००४ मध्ये इंटेलने त्याच्या पुढची चिप, तेजस, रद्द केली. नाव आपल्याकडचं, पण तेज जरा जास्तच झालं! मग लॅपटॉपसाठी बनवलेल्या, कमी वेगाने जास्त काम उरकणाऱ्या पेन्टियम एमच्या वळणावर ते गेले आणि २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला. दोन कोअर, कमी मेगाहर्ट्झ, ६५ वॅट, आणि काम पेन्टियम फोरपेक्षा बरंच जास्त.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेत. पण एकट्याने धावण्यापेक्षा अनेकांनी मिळून सावकाश चालावं हा धडा आमच्या पुण्यात आधीच गिरवून झाला होता.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. तेव्हा सुपरकॉम्प्युटर म्हटलं की डोळ्यासमोर क्रे यायचा. थोडेच पण अतिवेगवान प्रोसेसर, आणि ते थंड ठेवायला वेगळी यंत्रणा. १९८५ चा क्रे-टू तर आख्खा एका खास द्रवात बुडवलेला असायचा. भारताला हवी ती यंत्रं अमेरिका सहजासहजी देत नव्हती. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने वेगळी वाट धरली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या साध्या चिपांचे ६४ नोड एकत्र जोडले होते. एकटी चिप काही फार वेगवान नव्हती, ताकद होती ती कामाच्या वाटणीत. हा मार्ग उष्णतेसाठी नाही, नाइलाजाने घेतला होता हे खरं. पण पुढे जगातले बहुतेक सुपरकॉम्प्युटर ह्याच वाटेने गेले.

नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा एका हा पुण्यातलाच सुपरकॉम्प्युटर जगाच्या यादीत चौथा आला. ११७.९ टेराफ्लॉप्स, आत तीन गिगाहर्ट्झचे झिऑन प्रोसेसर. पुढच्या वर्षीच्या यादीत त्याची वीज ७८६ किलोवॅट नोंदलेली आहे. म्हणजे दीड किलोवॅटचे पाचशेहून जास्त गीझर, दिवसरात्र चालू. शिवाय खोली थंड ठेवायची वीज वेगळी.

हा आकडा त्या काळच्या पुण्यात ठेवून बघा. २००५-०६ चं भारनियमन ज्यांना आठवतंय त्यांना वेगळं सांगायला नको. मेणबत्त्या आणि इन्व्हर्टरची पिवळट ट्यूब मला नीट आठवते. २००६ मध्ये शहरातल्या कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च ग्राहकांच्या बिलात घ्यायचा अशी व्यवस्था झाली. "पुणे मॉडेल" म्हणून ती गाजली. सांगायचं काय, तर वाया गेलेला वॅट कोणाच्या ना कोणाच्या बिलातून, नाहीतर अंधारातून येतो.

फेब्रुवारी २०१३ मध्ये सी-डॅकने परम युवा-२ सुरू केला. २००८ च्या परम युवाची कमाल क्षमता ५४ टेराफ्लॉप्स होती, ह्याची ५२४. आणि सी-डॅकच्या म्हणण्यानुसार वीज आधीपेक्षा ३५ टक्के कमी. कागदावर हिशोब केलात तर दर वॅटमागे काम सुमारे पंधरा पट! हे जमलं त्यात मोठा वाटा झिऑन फाय ह्या कार्डांचा. एका कार्डात साठ कोअर, पण वेग जेमतेम एक गिगाहर्ट्झ. म्हणजे पुन्हा तेच, पुष्कळ जण आणि सावकाश.

२०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आला तेव्हा थंड करायची पद्धतही बदलली. प्रोसेसरला चिकटलेल्या पट्टीतून थेट द्रव खेळवायचा. पाणी तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा साधारण साडेतीन हजार पट उष्णता उचलतं, त्यामुळे उष्णता वाहून न्यायला जोरजोरात हवा मारावी लागत नाही.

हे झालं पुराण. आता टेबलावर येऊ.

पहिलं, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. शांतता इथेच ठरते. कोअर भरपूर असू देत, पण वीज कमी. बऱ्याच मदरबोर्डवर प्रोसेसरच्या विजेला मर्यादा घालता येते, काही कंपन्या त्याला इको मोड म्हणतात. सगळ्यात वरचे काही टक्के वेग मिळवायला सगळ्यात जास्त वीज जाते, तेवढे सोडून द्या. रोजच्या कामात फरक कळतही नाही.

दुसरं, एसएमपीएस. समजा आतल्या भागांना २०० वॅट हवेत. कॅबिनेटबरोबर येणारा स्वस्त पुरवठा ७० टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून २८६ वॅट ओढेल आणि ८६ वॅट त्या डब्यातच जाळेल. ९० टक्केवाला २२२ ओढेल, २२ जाळेल. पहिल्याच्या फॅनला चौपट उष्णता उपसावी लागणार, मग तो ओरडणारच. २००४ मध्ये सुरू झालेला ८० प्लस हा शिक्का ह्यासाठीच बघायचा. आणि गरजेच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, म्हणजे तो निम्म्या ताकदीवर निवांत चालतो. आपल्याकडची एक खास अडचण : काही चांगले एसएमपीएस साध्या यूपीएसच्या ओबडधोबड लहरीवर वीज जाताक्षणी बंद पडतात. तेव्हा यूपीएस शक्यतो शुद्ध साइन लहरीचाच बघा.

आता तिसरा, एकदाचा, फॅन! १२० मिलिमीटरच्या फॅनचं क्षेत्र ८० मिलिमीटरवाल्याच्या सव्वादोन पट, त्यामुळे तेवढीच हवा तो बऱ्याच कमी फेऱ्यांत हलवतो. आणि फॅनच्या फेऱ्या निम्म्या केल्या की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठे, हळू फिरणारे, चार पिनी फॅन, आणि भरपूर पात्यांचा मोठा हीटसिंक. पाण्याचा कूलर घरी घ्यायलाच हवा असं नाही. त्याच्या रेडिएटरवरही फॅन असतातच, वर पंपाची गुणगुण.

चौथं, आपलं हवामान. समजा १०० वॅटला कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ३० अंश वर ठेवतो. डिसेंबरात खोली २५, तर प्रोसेसर ५५. एप्रिलच्या दुपारी खोली ३८, तर ६८. परदेशातल्या चाचण्या थंड खोलीत केलेल्या असतात, तेव्हा कूलर एक पायरी वरचाच घ्या. शेजारी बांधकाम चालू असेल (पुण्यात कुठे नसतं?) तर पुढे धूळ अडवणारी जाळी हवी आणि ती महिन्याला झटकायला हवी.

गंमत म्हणजे शर्यत पुन्हा सुरू झाली आहे. प्रेस्कॉटच्या शंभर वॅटवर जग वैतागलं होतं. २०२३ चा कोअर आय-नाइन १४९००के टर्बोत २५३ वॅटपर्यंत जातो आणि २०२५ चं आरटीएक्स ५०९० कार्ड ५७५ वॅट मागतं. दोन्ही एकदम पूर्ण ताकदीवर चालवलीत तर हॉलमध्ये छोटा हीटर लावल्यासारखंच, आणि ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा फॅन. ज्यांच्या कामाला हे लागतं त्यांनी जरूर घ्यावं. पण मेल, कोडिंग आणि सिनेमासाठी?

दुकानात गेलात की विक्रेता फॅनचे रंगीत दिवे दाखवेल. तुम्ही त्याला आधी विचारा, "एकूण किती वॅट?" शेजारी झोपलेल्या माणसाची झोप त्या आकड्यावर ठरणार आहे.