भाग 14 : ‘स्वदेस’मधला दिवा आणि बिलगावची वीज

हा आपल्या चौदाव्या भागाचा लिखित मसुदा. बोलताना अडखळलो होतो तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

‘स्वदेस’ तुम्ही पाहिलाच असेल. मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगला असताना, हॉस्टेलवर, कुणाच्या तरी लॅपटॉपवर. नासातला मोहन भार्गव चरणपूरला येतो, गावकऱ्यांना घेऊन झऱ्याचं पाणी अडवतो, जनित्र बसवतो आणि मग ती म्हातारी पेटलेल्या बल्बकडे बघत राहते. तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नव्हतं. पिक्चरचं शूटिंग वाईजवळच्या मेणवलीत झालंय हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ज्या खऱ्या गावांनी हे काम केलं, त्यातलं एक आपल्याच राज्यात आहे आणि त्याचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. ते गाव म्हणजे बिलगाव. जिल्हा नंदुरबार, धडगाव तालुका, सातपुड्यातला आदिवासी मुलूख. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर चित्रपटाच्या तयारीत तिथे जाऊन आले होते असं सांगतात.

बिलगावात उदई नदी धबधब्यावरून खाली पडते आणि पुढे नर्मदेला मिळते. गावात सरकारी वीज नव्हती. केरळमधल्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या तरुण इंजिनिअरांनी नर्मदेकाठच्या डोमखेडीत आधी एक अगदी छोटा प्रयोग केला होता. त्यानंतर बिलगावचं काम घेतलं. थोडा पैसा ‘एड’कडून आला. ही अमेरिकेतल्या भारतीयांनी 1991 साली सुरू केलेली संस्था. नर्मदा बचाओ आंदोलनाचे लोक बरोबर होतेच. पण दगड उचलले, माती काढली, पाट खणला तो गावाने. श्रमदान हा शब्द आपल्याकडे भाषणात इतका घासून गुळगुळीत झालाय, की त्यात घाम असतो हेच विसरायला होतं.

2003 साली वीज आली. क्षमता 15 किलोवॅट.

आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही, म्हणून थोडा हिशोब. आपली इस्त्री साधारण हजार वॅट खाते. म्हणजे बिलगावचं अख्खं केंद्र 15 इस्त्र्यांएवढं. त्यावर बारा पाडे, जवळपास 300 कुटुंबं. भागाकार केला तर घरटी 50 वॅट. एक चाळीसचा बल्ब लावला की संपलं! शहरात आपण याला वीज म्हणणारच नाही. पण चिमणीच्या धुरात अभ्यास करणाऱ्या पोरासाठी शून्य आणि पन्नास यांतलं अंतर पन्नास आणि पाच हजार यांतल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठं आहे. आणि दुसरी गोष्ट, केंद्र चालवायला गावातलेच तरुण शिकले. तार तुटली, पाटात गाळ साचला, तर तालुक्याच्या साहेबाची वाट बघायची नाही. फावडं घ्यायचं आणि जायचं. गावाच्या मालकीच्या विजेचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो. बिल कमी येतं वगैरे नंतरचं.

असल्या केंद्राचं तंत्र सोपं असतं. वर बंधारा घालून पाणी वळवायचं, पाटाने टाकीत आणायचं आणि जाड पाइपातून जोरात खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. किती वीज मिळणार हे दोन गोष्टींवर ठरतं : पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडतं. म्हणून यंत्रघर होईल तितकं खाली ठेवायचं. एक मीटर खाली सरकलात तर तेवढी वीज जास्त.

हे ‘खाली’ लक्षात ठेवा.

बिलगावच्या खालच्या अंगाला, गुजरातेत केवडियाजवळ, सरदार सरोवर धरण चढत होतं. मार्च 2006 मध्ये नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाने त्याची उंची 110.64 मीटरवरून 121.92 मीटरवर न्यायला परवानगी दिली. मेधा पाटकरांनी दिल्लीत उपोषण केलं, आधी पुनर्वसन करा ही मागणी होती. बांधकाम थांबलं नाही. त्या पावसाळ्यात नर्मदेचा फुगवटा उदईच्या खोऱ्यात शिरला आणि बिलगावचं वीजकेंद्र पाण्याखाली गेलं. जेमतेम साडेतीन वर्षं चाललं. ‘स्वदेस’ लागून तोवर दोन वर्षंही झाली नव्हती.

विचित्र म्हणजे बुडवणारं धरणही वीजच तयार करतं. सरदार सरोवराची क्षमता 1450 मेगावॅट, बिलगावच्या जवळजवळ एक लाख पट. त्यातला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा. म्हणजे ती वीज माझ्याही घरात येत असणार. धरणाचं पाणी कच्छ-सौराष्ट्राला मिळालं हे मी नाकारत नाही, तिथल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला असेल तर चांगलंच आहे. माझा प्रश्न साधा आहे. लाख पट मोठ्या प्रकल्पाच्या हिशोबात या 15 किलोवॅटचा रकाना तरी होता का? टर्बाइन गावाचं होतं. नदी, आणि तिची पातळी कुठवर चढवायची हा निर्णय, कधीच गावाचा नव्हता.

त्याच 2006 सालात तमिळनाडूत कोइंबतूर जिल्ह्यातल्या ओदनथुराई ग्रामपंचायतीने एक पवनचक्की विकत घेतली. 350 किलोवॅटची, दीड कोटीहून थोडी जास्त किंमत. काही पैसे पंचायतीच्या शिलकीतले, बाकी बँकेचं कर्ज. पवनचक्की गावातही नाही, वारा चांगला लागतो तिथे लांब उभी आहे. तयार होणारी वीज राज्याच्या जाळ्यात जाते, गावाच्या वापराची वजावट होते आणि उरलेल्या युनिटांचे पैसे पंचायतीला मिळतात. त्यातून कर्ज फिटलं, गावाची कामं झाली. तिथे श्रमदान नाही, गाणं नाही, पिक्चर तर अजिबात नाही. पण कागद आहे : पंचायतीच्या नावावर यंत्र, बँकेचा करार, वीज मंडळाचा करार. ते यंत्र उद्या कुणाला हटवायचं झालं, तर आधी पंचायतीशी बोलावं लागेल.

बिलगावकडे घाम होता, असा कागद नव्हता. वनहक्क कायदा संसदेत मंजूर झाला तो 2006 च्या डिसेंबरात. तोवर पावसाळा संपून गेला होता.

बिलगावचा धबधबा आजही आहे. ऑगस्टमध्ये धडगावकडे गेलात तर बघून या. आणि पंधरा ऑगस्टला टीव्हीवर ‘स्वदेस’ लागला, तर शेवटी चरणपूरचा दिवा पेटलेलाच दिसेल.

भेटू पुढच्या भागात.