दामाजीपंतांची पावती

पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर मंगळवेढे हे जुने ठाणे आहे. तेथील काळ्या रानातली ज्वारी नामांकित असून २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पंधराव्या शतकात, बेदरच्या बहामनी अमलात, या ठाण्याचा कारभार दामाजीपंतांकडे होता. सरकारी कोठारांच्या किल्ल्याही त्यांच्याच ताब्यात असत.

अशात दुष्काळ पडला. पंतांच्या घरी जेवावयास बसलेला पंढरपूरचा एक ब्राह्मण पानातले अन्न पाहून रडू लागला. घरी मुलेबाळे उपाशी, घास घशाखाली उतरेना. पंतांनी त्याच्या घरी धान्य धाडले. ही बातमी पसरली तसे लोक लोटले आणि पंतांनी कोठारे उघडली.

धान्य सरकारचे होते, पंतांच्या घरचे नव्हते, हे येथे विसरता कामा नये. परवानगीवाचून कोठार उघडणे म्हणजे काय, हे ज्याने सरकारी दप्तर सांभाळले आहे त्यास अधिक सांगावयास नको. हाताखालच्या माणसानेच बेदरास चहाडी लिहिली. पंतांस धरून नेण्यास शिपाई आले. वाटेत पंढरीचे दर्शन घडू द्यावे, एवढे पंतांनी त्यांस विनविले.

इकडे बेदरच्या दरबारात काठी-घोंगडीवाला एक महार जोहार करून उभा राहिला. नाव विठू, धनी दामाजीपंत. लहानशी थैली त्याने ओतली ती रिती होईना. धान्याची सगळी किंमत खजिन्यात भरली गेली. मग त्याने रीतसर पावती मागितली आणि ती घेऊन तो गेला. पंतांनी पुढे आपली पोथी उघडली तेव्हा पावती तीत निघाली.

ही कथा महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात आहे. महिपती राहुरी तालुक्यातील ताहराबादचे कुळकर्णी. जमाखर्चाची रीत त्यांस ठाऊक. म्हणूनच की काय, देवाची दयासुद्धा येथे हिशेब धरून येते. कागद जळाले, खाते बुडाले, असे काही होत नाही. उपाशी माणसे जगतात, आणि बादशहाचा दाणादाणा चुकता होतो.

देवाने महाराचेच रूप का घ्यावे? तर गावचा वसूल कचेरीत सुखरूप पोचविणे हे महार वतनातलेच काम होते. अंगावर घोंगडी आणि जवळ सरकारी रक्कम, असा माणूस खजिन्यापुढे दिसणे ही नित्याची गोष्ट. त्यामुळे दरबारात कोणासही नवल वाटले नाही. खरा चमत्कार थैलीत होता, वेषात नव्हता.

ही वतने १९५८ च्या कायद्याने गेली. पण विठू महाराची कथा कीर्तनातून पिढ्यानपिढ्या ऐकणाऱ्या पंढरीत त्याच्या भाऊबंदांस देवळात पाऊल टाकता येत नव्हते. मंगळवेढ्याच्याच चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. तेथूनच हात जोडून ही मंडळी माघारी फिरत. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसले, आणि त्याच वर्षी विठ्ठलाचे दार त्यांना उघडले.