होसकोट्याहून समुद्राकडे

बंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की पंचवीसेक किलोमीटरवर होसकोटे लागते. आज या गावाची ओळख गोदामे, कारखाने आणि मालमोटारींच्या रांगा अशी झाली आहे. गावाचे नाव मात्र त्याची जन्मकथा सांगते. कन्नडमध्ये ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. सुगटूरचा पाळेगार तम्मे गौडा याने १५९५च्या सुमारास हा नवा कोट बांधला. नंदीच्या डोंगरात उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी नदी याच भागातून वाहत जाते. तमिळनाडूत ती तेन्पेण्णै होते आणि कडलूरजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. महाराष्ट्रातून घोड्यावर निघालेले एक मराठी घराणे याच परिसरात थांबले, आणि नंतर नदीप्रमाणेच समुद्राच्या दिशेने उतरले.

आयुष्यभर हिंडायचे आणि उतारवयात समुद्राजवळ घर करून राहायचे, ही कल्पना आज आपल्याला पाश्चात्त्य वाटते. चाकांवरचे घर घेऊन देशभर फिरणारी निवृत्त जोडपी शेवटी ते विकून किनाऱ्यावर बस्तान बसवतात, हे आपण ऐकलेले असते. पण फिरत्या संसाराचा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. सतराव्या शतकातल्या सरदाराचे खरे घर म्हणजे डेरा. तंबू, राहुट्या, कनाती, बैलांवर लादलेले सामान, मागून चालणारा बाजार आणि माणसे हेच त्याचे गाव. पावसाळ्यात छावणी पडायची आणि दसऱ्याला पुन्हा कूच व्हायचे. अशा माणसाला स्थिर व्हावेसे वाटले, तर त्याने कुठे थांबायचे? थांबलेली जागा त्याची आहे, हे ठरवणार कोण? भोसल्यांच्या दक्षिणेकडच्या शाखेला या प्रश्नांचे उत्तर मिळायला दोनशे वर्षे लागली.

शहाजीराजे १६३६पर्यंत निजामशाही वाचवण्यासाठी झुंजत होते. ती बुडाल्यावर ते आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकात उतरले. १६३८मध्ये केंपेगौडाच्या घराण्याकडून बंगळूर गेले आणि होसकोटेही विजापूरकरांच्या हाती आले. हा प्रदेश शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाला. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे ही त्यातली ठळक नावे. ज्यांचे कोट गेले, त्या स्थानिक नायकांनाही स्थलांतर करावे लागले. केंपेगौडाचे घराणे मागडीला गेले, सुगटूरकरांची शाखा आनेकलला जाऊन राहिली. एकाचे बस्तान बसते तेव्हा दुसऱ्याचे उठते. या इतिहासाकडे मराठी अभिमानाने पाहताना ही बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे.

जहागीर म्हणजे घर नव्हे. मराठी मुलखात घर म्हणजे वतन. वेरूळची पाटीलकी भोसल्यांची होती आणि ती पिढीजात होती. कुणी सुलतान बदलला म्हणून ती सहसा जात नसे. जहागीर मात्र चाकरीचा मोबदला. धन्याची मर्जी फिरली की ती दुसऱ्याच्या नावे चढे. शहाजीराजांना १६४८मध्ये जिंजीच्या वेढ्याच्या वेळी आपल्याच पक्षाच्या सेनापतीने कैद केले, तेव्हा या भेदाची धग त्यांना जाणवली असणार. पुढच्या वर्षी सुटका झाली, पण त्यासाठी पुण्याजवळचा कोंढाणा सोडावा लागला. वडील कर्नाटकात, थोरले चिरंजीव संभाजी त्यांच्याजवळ, जिजाबाई आणि शिवाजी पुण्यात, असा हा विभागलेला संसार होता. एकाच्या सुटकेची किंमत दुसऱ्या घराने मोजली.

तरीही बंगळुरात जे उभे राहिले ते केवळ लष्करी ठाणे नव्हते. जयराम पिंड्ये हा कवी शहाजीराजांची कीर्ती ऐकून तिथे आला. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. अर्थ विचारल्यावर त्याने सांगितले, की आपण बारा भाषांत कविता करतो. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ वि. का. राजवाड्यांनी १९२२ साली छापला. ग्रंथाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण अखेरीस निरनिराळ्या देशभाषांतली रचना येते. छावणीत अनेक भाषा बोलल्या जातातच, त्यात नवल नाही. त्या सगळ्या भाषांना दरबारात पाट मांडून बसवणे ही मात्र घर केल्याची खूण आहे.

स्वतः शहाजीराजे मात्र अखेरपर्यंत थांबले नाहीत. साठी उलटल्यावरही ते आदिलशाहीच्या मोहिमांवर होते. २३ जानेवारी १६६४ रोजी आजच्या दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी तिथेच आहे. ती वेरूळला नाही, पुण्यालाही नाही, बंगळुरातही नाही. मुक्कामाच्या वाटेवर जिथे देह पडला, तिथे दगड उभा राहिला.

थांबण्याचे काम पुढच्या पिढीवर आले. तुकाबाईंचे चिरंजीव व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, बंगळूरच्या जहागिरीचे धनी झाले. तंजावरच्या नायक घराण्यातल्या भांडणात विजापूरने त्यांना पाठवले. एका वारसाला गादीवर बसवण्यासाठी गेलेल्या एकोजींनी १६७५-७६च्या सुमारास ती गादी स्वतःच घेतली. कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे वर्षाला भाताची पिके देणारी जमीन आणि पूर्वेला समुद्र. त्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला डॅनिश होते आणि नागपट्टणला डच. दख्खनच्या कोरड्या पठारावरून आलेल्या स्वाराला ही भूमी कशी दिसली असेल, याची कल्पना करता येते. बंगळूर आणि होसकोटे हे आता मागे राहिलेले घर झाले.

मागे राहिलेले घर म्हटले, की वाटणीचा वाद येतोच. १६७७च्या जुलैत शिवाजीमहाराज दक्षिणेत असताना कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीला दोघा भावांची भेट झाली. महाराजांनी वडिलांच्या संपत्तीतला अर्धा वाटा मागितला. एकोजी रात्रीतून निघून तंजावरला गेले. पुढे लढाईही झाली आणि मग तह. चिटणीस बखरीने या तहाची एकोणीस कलमे दिली आहेत. त्यातल्या एका कलमात आपल्याला होसकोटे भेटते. बखरीत नाव थोडे बदलून आले असले, तरी ते होसकोटेच समजले जाते. बंगळूर आणि हा लगतचा मुलूख महाराजांनी एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला, असे ते कलम सांगते. समेट घडवण्यात दीपाबाईंचा मोठा वाटा होता, असेही परंपरा सांगते.

बखर उत्तरकालीन आहे, तिचा शब्दन्‌शब्द दस्तऐवज मानता येत नाही. पण चोळीबांगडी हा शब्द विचार करण्याजोगा आहे. भावाभावांत जे वाटून घेता येत नव्हते, ते सुनेच्या नावे केले आणि भांडण मिटले. पुरुषांच्या जहागिरी चाकरीवर टिकून होत्या. स्त्रीला दिलेली चोळीबांगडी ही माहेर-सासरच्या नात्यातली गोष्ट. ती परत मागणे लाजिरवाणे. पिढ्यान्‌पिढ्या डेऱ्यात राहिलेल्या या घराण्यात होसकोटे पहिल्यांदा जहागीर न राहता घराची ठेव झाले, ते या कलमात.

याच काळातली आणखी एक आठवण बखरी सांगतात. पराभवानंतर एकोजींचे कशातच मन लागेना. त्यांनी कारभार सोडला, विरक्ती धरली. ते कळल्यावर महाराजांनी त्यांना पत्र लिहिले. वैराग्याला म्हातारपण आहे, हे दिवस पराक्रमाचे आहेत, असा त्याचा आशय. निवृत्तीबद्दल दोन भावांमधला हा मतभेद फार मानवी आहे. एकाला थांबायचे होते, दुसऱ्याला थांबणे ठाऊकच नव्हते.

तंजावरचे घर पक्के होऊ लागले तसे बंगळूर सांभाळणे जड झाले. तंजावरच्या भोसल्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना विकायचे ठरवले. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच, १६८७च्या जुलैत, औरंगजेबाच्या कासीमखानाने शहर घेतले. पुढे त्यानेच ते त्याच तीन लाखांना म्हैसूरकरांच्या हवाली केले. होसकोट्याची वाट तिथून वेगळी झाली. मोगलांनी शिरे प्रांत उभा केला, तेव्हा त्याच्या सात परगण्यांत बसवापट्टण, बुदिहाळ, शिरे, पेनुकोंडा, दोड्डबळ्ळापूर आणि कोलार यांच्याबरोबर होसकोटे होते. दीपाबाईंची चोळीबांगडी मोगली परगणा झाली.

मराठे त्यानंतरही होसकोट्याला आले, पण पाहुण्यासारखे. १७६८च्या ऑगस्टमध्ये गुत्तीचे मुरारराव घोरपडे इंग्रजांच्या बाजूने हैदरअलीविरुद्ध लढत असताना त्यांचा तळ होसकोट्याजवळ पडला होता. हैदरने त्यावर रात्री छापा घातला. मार्क विल्क्सने आपल्या इतिहासात या रात्रीचे वर्णन केले आहे. मुराररावांनी हुकूम दिला, की कुणीही घोड्यावर चढायचे नाही, प्रत्येकाने आपल्या घोड्याजवळ उभे राहायचे. मग अंधारात जो घोड्यावर दिसेल तो शत्रू, हे ओळखणे सोपे झाले. त्यातच जखमी झालेला एक हत्ती सुटला आणि आपलीच साखळी सोंडेत धरून हल्लेखोरांवर ती फिरवत धावला. छापा उधळला गेला. शहाजीराजांना जहागीर मिळून १३० वर्षे झाली होती, आणि मराठे त्याच माळावर पुन्हा राहुट्यांत झोपत होते.

तंजावरात मात्र घर भरत होते. दीपाबाईंचे पुत्र शाहूजी यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले आणि मराठी, तेलुगू, तमिळ अशा भाषांत नाटके लिहिली. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी नांदतात. जयरामाचे बारा नारळ कावेरीच्या गाळात रुजले, असे म्हणायला हरकत नाही. मराठी नाटकाचा इतिहास सांगलीपासून सुरू करण्याची आपली सवय आहे. तंजावरच्या या हस्तलिखितांकडे पाहिल्यावर त्याची सुरुवात दीडशे वर्षे मागे न्यावी लागते.

राज्य मात्र हातून गेले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १७९९च्या तहाने कारभार कंपनीला दिला आणि त्यांच्याकडे किल्ला तेवढा राहिला. चारच वर्षांनी, १८०३ मध्ये, त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिरावर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. बाबूराय या चिटणिसाने तो रचला. राज्य नसलेल्या राजाने चोळांच्या भिंतीवर आपले कुळ कोरले. १८१४-१५ मध्ये त्यांनी मल्लिपट्टिणमजवळ थेट समुद्रकाठावर मनोरा बांधला. नेपोलियनच्या पराभवाचे ते स्मारक. आठ मजल्यांच्या त्या षट्कोनी इमारतीवरून समुद्र दिसतो. भोसल्यांच्या वंशजाने समुद्राकडे तोंड करून इमारत बांधली, तेव्हा तिच्यावरून राखण्याजोगे आरमार त्याच्याकडे नव्हते.

याहून महत्त्वाच्या इमारती रामेश्वराच्या वाटेवर होत्या. तंजावरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे धर्मशाळा बांधल्या आणि त्यांपैकी अनेकांना घरातल्या स्त्रियांची नावे दिली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र, नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र ही त्यांतली प्रसिद्ध. तिथे वाटसरूंना जेवण मिळे, आजाऱ्यांवर उपचार होत, मुलांसाठी शाळा असत. कंपनीने छत्रे आपल्या ताब्यात घेऊ नयेत, म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला लिहिले. राज्य देताना त्यांनी जितकी खळखळ केली नसेल, तितकी या छत्रांसाठी केली. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा राहुटीत जन्मले आणि वाटेवर मेले, त्यांना वाटसरूचे दुःख सांगावे लागत नव्हते.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक गेले आणि कंपनीने राजवाड्यातली खासगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाई यांनी कंपनीवर दावा लावला. मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो फिरवला. जप्ती ही राज्यकर्त्याची कृती आहे, न्यायालयाला तिथे अधिकार नाही, असे ठरले. कायद्यात कामाक्षीबाई हरल्या. पण पुढे सरकारने ती मालमत्ता राजाच्या विधवांकडे सोडली.

दीपाबाईंच्या नावे होसकोटे झाले आणि गेले. मुक्तांबाळच्या नावे छत्र झाले. कामाक्षीबाईंनी हे घर आमचे आहे, असे कोर्टात उभे राहून म्हटले. भोसल्यांच्या दक्षिण शाखेची कहाणी आपण मोहिमा आणि तह यांच्या क्रमाने सांगतो, तेव्हा ती शहाजींपासून सरफोजींपर्यंतच्या पुरुषांची होते. ती घराच्या क्रमाने सांगितली, तर या स्त्रियांची होते. राज्ये घोड्यांवर बसून मिळवली गेली आणि करारांवर सह्या करून गेली. तंजावरच्या मराठी घरांत आजही बोलली जाणारी, तमिळचे पाणी लागलेली मराठी मात्र चुलीपाशी टिकली. होसकोट्याच्या माळावर भोसल्यांच्या डेऱ्याची खुंटीसुद्धा उरलेली नाही. घर समुद्राकडे गेले आणि भाषाही त्याच्याबरोबर गेली.