मुंबईतील नाट्यगृहे व विनोदमंच
मुंबईच्या नाट्यव्यवहाराचे केंद्र दादर. तेथील शिवाजी मंदिरात रविवारी लागोपाठ प्रयोग रंगतात; नव्या विनोदी नाटकाचा कस याच प्रेक्षकांपुढे लागतो.

प्रयोगशील नाटकाला मात्र शाळेने आसरा दिला. अरविंद व सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने 1970च्या दशकात छबिलदास शाळेच्या सभागृहात चळवळ उभी केली. तुटपुंज्या साधनांत घडलेले तेथील काम मराठी रंगभूमीचे मोठे संचित आहे.

शशी व जेनिफर कपूर यांनी 1978मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उभारले. जेमतेम दोनशे आसने, रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना प्रेक्षक. नटाचा श्वासही ऐकू येतो. गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा हिंदी प्रयोग येथे आरंभीच झाला.

स्टँडअप कॉमेडीला 2010मध्ये लोअर परळच्या कॉमेडी स्टोअरने स्वतंत्र मंच दिला.