मातीचा मल्ल आणि गादीवरील कसोटी

मल्लानें शरीर कसें कमवावें, हा प्रश्न जितका जुना तितकाच वादाचा आहे. व्यायाम कशासाठीं हें ठरल्यावांचून व्यायाम कोणता हें ठरत नाहीं, हें मात्र सर्वांस मान्य व्हावें. कै. खाशाबा जाधव ह्यांच्या चरित्रांत ह्याचा उत्तम दाखला सांपडतो.

कराडजवळच्या गोळेश्वर गांवीं १९२६ सालीं जन्मलेले खाशाबा मातींतच वाढले. कोल्हापुरास १९१२ सालीं शाहू छत्रपतींच्या आश्रयानें खासबाग मैदान उभें राहिलें होतें व तालमींचा व्यायामक्रम ठरून गेला होता. जोरांनीं छाती व खांदे, बैठकांनीं मांड्या, हौद्यांतील माती उकरल्यानें कंबर व पकड आणि करेल फिरविल्यानें मनगटें तयार होत. कुस्ती बहुधा निकाली होईपर्यंत चालावयाची. म्हणून दमसास हें मल्लाचें खरें भांडवल. जोड वजन करून लावीत नसत. तेव्हां भरपूर खुराकानें अंग वाढविणें हाही यशाचा एक मार्ग होता. त्या मैदानास हा क्रम सर्वस्वीं योग्यच होता.

१९४८ सालीं लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत मात्र मैदानच बदललें. पायांखालीं मातीऐवजीं गादी, अंगावर वजनाचें बंधन, डोक्यावर घड्याळ, आणि कोणीच चीत न झाल्यास पंचांचा निर्णय! रीस गार्डनर ह्या अमेरिकन मल्लाचें मार्गदर्शन तेथें लाभलें. तरी गादीची संवय नसतांना खाशाबांनीं ५२ किलोंच्या गटांत सहावा क्रमांक मिळविला. बळ पुरेसें होतें. तें थोड्या मिनिटांत, चपळ पायांनीं, पुनःपुन्हां उसळून खर्च करण्याचा अभ्यास हवा होता. शिवाय वजनाच्या गटांत निरुपयोगी मांस हें ओझेंच ठरतें.

ह्यावरून जोरबैठका टाकून द्याव्या असें कोणी म्हणेल तर तें चुकीचें होईल. तालमीनें पाया घातला होता. त्यावर नव्या खेळास साजेल असें काम चढवावयाचें होतें. चार वर्षांनीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैशाची अडचण पडली, तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं ५७ किलोंच्या गटांत कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविलें आणि १९५२ सालीं स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक कांस्याच्या रूपानें घरीं आणलें.

कुस्तींतील दुसरें पदक २००८ सालीं सुशीलकुमार ह्यांनीं बीजिंग येथें मिळविलें. मध्यें छप्पन्न वर्षें लोटलीं. आखाड्यांत उतरूं इच्छिणाऱ्या तरुणानें भूमि, वेळ, वजन आणि नियम हीं चार आधीं पाहावीं. जोर किती काढावे ह्याचा हिशेब मग मांडावा.