चावी, बादली आणि वसई

दिवाळी जवळ आली की घरोघरी झाडलोट निघते. गृहिणी फडताळाची चावी शोधते, बादली भरते, चिवड्यासाठी बटाटे किसते आणि मोलकरणीच्या पगाराचा हिशेब मांडते. एवढ्या वेळात आपण चार पोर्तुगीज शब्द बोललो, हे तिच्या गावीही नसते!

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती आली. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि १९६१ मध्ये गोवाही मुक्त झाला. फिरंगी गेले, त्यांची चावी मात्र आपल्या कनवटीलाच राहिली.

परके शब्द काढण्याचा यत्न आपल्याकडे झाला नाही, असे नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला. पण लोकांनी चिमाजी अप्पांना ओळखले ते पेशव्यांचे धाकटे बंधू म्हणूनच! जिथे राजसत्तेचा शब्दही जनांच्या जिभेपुढे नमला, तिथे न्हाणीघरातील बादलीला कोण हलवणार?

किल्ल्यांचे आणि तहांचे इतिहास आपण पुष्कळ लिहिले. घमेले, पाव, हापूस हेही त्याच पोर्तुगीज वाटेने आले. त्यांचा इतिहास सांगणारे एखादे पुस्तक आपल्या फडताळात आहे काय? यंदा फराळाला बसाल तेव्हा मुलांना निदान एवढी एक गोष्ट सांगा.