माणसाइतका आरसा



घरात उभा आरसा घ्यायचा ठरला की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "केवढा पाहिजे?" आणि आपण घुटमळतो. प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. तो सांगण्यासाठी मी आज तुम्हाला महाडला, चवदार तळ्याच्या काठी नेणार आहे. आरशाचा आणि तळ्याचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. जरा धीर धरा.

माणसाचा पहिला आरसा म्हणजे पाणीच. पण हा आरसा आडवा. त्यात वाकून पाहावे लागते, आणि वाकले की तेवढे तोंडच दिसते. पुढे घासून लख्ख केलेले धातूचे आरसे आले. सिंधू संस्कृतीच्या काळातले तांब्याचे आरसे उत्खननात सापडले आहेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शृंगार करणारी एक राजस्त्री रंगवलेली आहे, तिच्याही हाती आरसा आहे. पण हे सगळे हातात मावणारे. डोक्यापासून पावलापर्यंत उभे माणूस दिसावे, अशी सोय त्यांत नव्हती.

काचेच्या मोठ्या आरशांचे कसब युरोपात व्हेनिसच्या कारागिरांनी नावारूपाला आणले. काचेच्या पाठीला कथील आणि पारा लावीत. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांची प्रकृती ढासळे, आणि आरसा विकत घ्यावा तो राजेरजवाड्यांनी. फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्यात 1684 साली आरशांचे दालन पुरे झाले, त्यात 357 आरसे आहेत. आपल्याकडे पुण्याच्या शनिवारवाड्यातही आरसे महाल होता. 1828 च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती गेल्या. मग 1835 साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत काढली. त्या रीतीने पुढे पारा मागे पडला आणि आरसा हळूहळू सामान्यांच्या आवाक्यात आला.

आमच्या कोकणात मुंबईचा माल बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीने महाडच्या पेठेकडे येई. काचसामानही त्याच वाटेने आले असणार. पण घरोघरचा आरसा म्हणजे काय, तर फणेरपेटीच्या झाकणातला चौकोनी तुकडा, नाही तर कोनाड्यात टेकवलेली वीतभर काच. त्यात कुंकू सरळ लागले की नाही एवढे दिसे. पुरुषांना न्हाव्याच्या धोपटीतला आरसा. आणि तो न्हावीसुद्धा महारवाड्यात, चांभारवाड्यात जात नसे, हे विसरून चालणार नाही.

आता तळ्याकडे येऊ. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. त्याप्रमाणे महाड नगरपालिकेने 1924 साली तळे खुले केले, पण ते कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि तळे बाटले म्हणून शुद्धीही करण्यात आली. तो कोर्टकज्जा थेट 17 मार्च 1937 पर्यंत चालला. त्या दिवशी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

हे तुम्ही शाळेत शिकवता. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेतला एक प्रसंग सहसा शिकवला जात नाही. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे आखूड नेसायचे, गळ्यात जाड गळसऱ्या, हातांत कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे गोट, ही तुम्हाला दुरून ओळखण्याची खूण करून ठेवली आहे, ती टाका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. लुगडे ठिगळांचे असले तरी चालेल, पण स्वच्छ हवे आणि पायघोळ हवे. बायकांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतले. परिषदेबरोबर असलेल्या टिपणीस, चित्रे यांच्या घरच्या बायकांनी त्यांना नेसायला मदत केली.

आता विचार करा. लुगडे घोट्यापर्यंत आले की नाही, हे वीतभर आरशात दिसेल काय? मुळीच नाही. त्या दिवशी एकीने दुसरीला पाहिले आणि दुसरीने पहिलीला सांगितले, तोच त्यांचा उभा आरसा. माझ्या मते उभ्या आरशाला चैनीची वस्तू म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. आपण लोकांना कसे दिसतो, हे काहींना घरबसल्या कळे आणि काहींना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे.

तर दुकानदाराला काय सांगाल? पुष्कळ लोक समजतात की पूर्ण दिसायला आरसा माणसाएवढा लागतो. तसे नाही. तो उंचीच्या निम्मा असला की पुरतो, आणि मागेपुढे सरकल्याने त्यात फरक पडत नाही. मात्र तो योग्य उंचीवर टांगला पाहिजे. वरची कड डोळे आणि टाळू यांच्या मध्यावर, खालची कड जमिनीपासून डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर. घरातला उंच पुरुष पाच फूट आठ इंच आणि लहान मूल चार फुटांचे धरा. डोळे टाळूच्या साधारण चार इंच खाली. म्हणजे मुलासाठी खालची कड एक फूट दहा इंचांवर हवी आणि पुरुषासाठी वरची कड साडेपाच फुटांवर. तीन फूट आठ इंचांचा आरसा सगळ्या घराला पुरला! गुरुजींनी हे गणित वर्गात भिंतीवर खडूच्या खुणा करून दाखवावे, पोरांना गंमत वाटेल. घरात मात्र खालची कड मोठ्या माणसाच्या मापाने धरतात आणि मुलाला पाय दिसत नाहीत.

घेताना आरशासमोरून हळूहळू चालत जा आणि त्यात दाराच्या चौकटीची कड पाहा. ती लहरत असेल तर काच सपाट नाही. उजेड माणसावर पडावा, आरशावर नव्हे. म्हणून खिडकी आरशाच्या बाजूला हवी, पाठीमागे खिडकी आली की तोंड काळवंडते. जमिनीवर ठेवायच्या आरशाला फार मागे कलवू नका, पाय जातात आणि आढे दिसते.

आणि महाड-पोलादपूरच्या मंडळींना एक जास्तीची सूचना. आपल्या पावसात ओल भिंतीतून येते आणि चांदीचा थर कडेपासून काळा पडत जातो. चौकटीच्या मागे लाकडाच्या पट्ट्या ठोकून भिंत आणि आरसा यांत बोटभर फट ठेवा, वारा खेळू द्या. जुलै 2021 च्या पुरात महाडच्या कितीतरी घरांत गढूळ पाणी शिरले. नदीकाठच्या घरात आरसा भिंतीत पक्का बसवण्यापेक्षा दोन भक्कम आकड्यांवर टांगावा. दोघांनी धरून तो माळ्यावर नेता येतो.